नादाचे घर

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत मुख्याध्यापिकांनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



माझ्यासमोरच्या टेबलावर फुलदाणीच्या शेजारी ॲल्युमिनियमची एक रिकामी पेटी ठेवली आहे. सभागृहात आल्यापासून तुमच्यापैकी अनेकांचे लक्ष तिच्याकडे गेले असेल. तिच्या माथ्यावर लहानमोठी गोल भोके आहेत, तळ उघडा आहे आणि आत काहीही नाही. मघाशी एका पालकांनी ती देणगीची पेटी समजून एका भोकातून नाणे टाकले. ते सरळ टेबलावर पडले आणि घरंगळत माझ्यापर्यंत आले. ते नाणे मी कार्यालयात जमा करीन. परंतु या पेटीविषयी मात्र आज मला सविस्तर बोलायचे आहे. शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीवर यापूर्वीच्या वक्त्यांनी समर्पक विवेचन केले आहे. मी या एका पेटीपुरतेच बोलणार आहे.

ही गिटारच्या ॲम्प्लिफायरची चासी आहे. मोटारीला जशी चासी असते, तशीच ती रेडिओला आणि ॲम्प्लिफायरलाही असते. ज्या सांगाड्यावर सगळे सुटे भाग बसवले जातात, तो हा सांगाडा. ही चासी कोणत्याही कारखान्यात तयार झालेली नाही. आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने ती तंजावरमध्ये, आपल्या घराच्या मागच्या पडवीत, स्वतःच्या हातांनी बनवली आहे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच शिक्षिका तंजावरला गेलो होतो. इतिहास हा माझा एम.ए.चा विषय. राजराज चोळाने बांधलेले, १०१० साली पूर्ण झालेले बृहदीश्वराचे मंदिर आणि त्याच्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले कुळाचा विस्तीर्ण मराठी शिलालेख एकदा डोळ्यांनी पाहावा, ही माझी अनेक वर्षांची इच्छा होती. कावेरीच्या खोऱ्यात, तमिळ मुलखात, दगडावर आपली भाषा वाचताना मन कसे भरून येते, हे तिथे गेल्यावाचून कळणार नाही. सरस्वती महाल ग्रंथालयही आम्ही पाहिले. परंतु त्या प्रवासातील माझा खरा धडा मला मंदिरात किंवा ग्रंथालयात मिळाला नाही. तो त्या पडवीत मिळाला.

हा विद्यार्थी नोकरीनिमित्त बारा वर्षांपासून तंजावरला राहतो. आम्ही येणार असल्याचे कोणाकडून तरी त्याच्या कानी गेले आणि तो आम्हांला आग्रहाने घरी घेऊन गेला. नोकरीचे तास संपल्यावर तो गिटारचे ॲम्प्लिफायर बनवतो. तंजावर आणि तिरुचिरापल्लीच्या चर्चमध्ये वाजवणारी तरुण मुले, महाविद्यालयांतील वाद्यवृंद, हे त्याचे ग्राहक. तंजावर आणि गिटार ही जोडी ऐकून माझ्या कपाळावर आठी पडली असावी, कारण तो लगेच म्हणाला, “बाई, सरफोजीराजांच्या दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचे पथक होते. तंजावरच्या चार भावंडांपैकी वडिवेलू यांनी व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुजवले. मग गिटारनेच काय पाप केले?” इतिहासाच्या बाईंना इतिहासाचा दाखला देऊन गप्प करणारा विद्यार्थी भेटला, की शिक्षकाला पराभवातही आनंद होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हांला वीणा घडवणाऱ्या कारागिरांकडे नेले. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. सतराव्या शतकातील रघुनाथ नायक यांच्या काळात तिचे चोवीस पडदे स्थिर झाले असे मानतात. ते पडदे मेणाच्या थरात बसवतात आणि कारागीर ते कानाने ऐकून एकेक करून जागेवर आणतो. एकाच ओंडक्यातून संपूर्ण कोरलेल्या वीणेला विशेष मान असतो. २०१३ साली या वीणेला भौगोलिक मानांकनही मिळाले. मुख्य भोपळ्याच्या जागी असलेला लाकडी कुंभ आतून पोखरताना कारागीर मध्येच थांबतो, बोटाने टकटक करून ऐकतो आणि पुन्हा पटाशी चालवतो. आपल्याकडे मिरजेच्या तंबोऱ्याच्या भोपळ्यावर असाच कान ठेवलेला मी पाहिला आहे. तार झंकारते, पण तिला आवाज देते ती पोकळी. तार कितीही उत्तम असली, तरी घर नसेल तर तिचा नाद ऐकू येत नाही.

विद्युत गिटारची अडचण नेमकी हीच आहे. तिचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. त्यात पोकळी नसते. तारांखालची चुंबके आणि तांब्याची वेटोळी तारेच्या कंपनाचे अत्यंत क्षीण विजेत रूपांतर करतात आणि ती वीज तारेवाटे दूर ठेवलेल्या ॲम्प्लिफायरकडे जाते. म्हणजे या वाद्याचा भोपळा त्याच्या अंगाला चिकटलेला नसून चार हात दूर ठेवलेला असतो. तो भोपळा म्हणजे ॲम्प्लिफायर आणि त्या भोपळ्याचा सांगाडा म्हणजे ही पेटी.

आता ही पेटी ॲल्युमिनियमचीच का, हा प्रश्न नववीच्या मुलांनी विचारायला हवा. लोखंडाच्या पत्र्याच्या तुलनेत तिचे वजन सुमारे एकतृतीयांश असते. ॲल्युमिनियम गंजत नाही आणि घरच्या साध्या हत्यारांनी कापता, भोकता, वाकवता येते. उष्णता झपाट्याने वाहून नेते. आणि ते चुंबकाकडे ओढले जात नाही. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरभोवतीचे चुंबकीय क्षेत्र पत्र्यातून सर्वत्र पसरण्याचा धोका कमी होतो. मात्र ते मऊ असते. लंडनमध्ये ड्रमचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी, अमेरिकेतील फेंडर कंपनीच्या एका ॲम्प्लिफायरचा आराखडा समोर ठेवून, आपल्या सहकाऱ्यांकडून स्वतःचा ॲम्प्लिफायर तयार करवून घेतला. त्याची आरंभीची चासी ॲल्युमिनियमची होती. जड ट्रान्सफॉर्मरांच्या भाराने ती मध्ये दबत असे. म्हणून पुढे त्यांनी पोलादाची चासी स्वीकारली. आज जगभर नावाजलेल्या या उद्योगाचा आरंभही एका दुकानातल्या अशाच खटपटीतून झाला, हे ध्यानात ठेवावे.

हे काम कसे होते, ते आम्ही तिथे दोन संध्याकाळी पाहिले. प्रथम आलेख कागदावर पूर्ण आकाराचे चित्र काढायचे. व्हॉल्व्ह कोठे, ट्रान्सफॉर्मर कोठे, बटणे कोठे, तारेचा प्रवास कोणत्या वाटेने, हे सारे कागदावर ठरते. तो कागद दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर चिकटवतात. प्रत्येक भोकाच्या केंद्रावर टोकदार पंचाने खूण ठोकतात, म्हणजे ड्रिल घसरत नाही. आधी बारीक भोक, मग मोठे. नऊ पायांच्या लहान व्हॉल्व्हच्या बैठकीला सुमारे २२ मिलिमीटरचे भोक लागते. आठ पायांच्या मोठ्या व्हॉल्व्हला सुमारे २९. ही सगळी भोके पत्रा सपाट असतानाच पाडायची, कारण वाकवल्यानंतर पेटीत ड्रिल नीट धरता येत नाही. मग प्रत्येक भोकाची कड कानशीने मोडायची. ही धार राहिली, तर एखाद्या दिवशी तारेचे आवरण कापले जाते आणि पेटीत वीज उतरते. यातील एकही पायरी अवघड नाही; परंतु एकही वगळता येत नाही.

त्यानंतर त्याने माझ्या कानांना हेडफोन लावला. मला वाटले, आता गाणे ऐकवणार. परंतु त्यातून आली ती नुसती घूंऽऽ अशी गुणगुण. त्याने एक ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर घट्ट धरून ठेवला होता आणि विजेला जोडलेला दुसरा त्याच्या शेजारी ठेवून तो हळूहळू फिरवत होता. आपल्या घरची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि ते हेलकावे एका ट्रान्सफॉर्मरमधून शेजारच्यात शिरतात. फिरवता फिरवता एका ठिकाणी, दोघांचे गाभे एकमेकांशी काटकोनात येताच, गुणगुण जवळजवळ विरून गेली. “बाई, इथेच खूण करा,” तो म्हणाला आणि माझ्या हाती पेन्सिल दिली. बी.एड.च्या वर्षात मी अध्यापनाची अनेक सूत्रे पाठ केली होती. ‘करून शिकणे’ हे सूत्र मात्र त्या क्षणी पन्नाशी ओलांडल्यावर प्रथमच माझ्या हातात आले.

वाकवण्याची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. त्याचा एक पत्रा वाकवताना वाकाच्या रेषेवर तडकला. पुन्हा आणला, पुन्हा तडकला. तंजावर हे पत्र्यावर नक्षी उठवणाऱ्यांचे गाव. पितळेच्या तबकावर तांब्याचांदीची उठावाची चित्रे बसवलेली तिथली तबके प्रसिद्ध आहेत. तो एका वृद्ध धातुकारागिराकडे गेला. त्या आजोबांना व्हॉल्व्ह आणि ॲम्प्लिफायर यांचा गंधही नव्हता. त्यांनी पत्र्याच्या वाकाच्या जागी अंगाचा साबण चोळला आणि खालून ज्योत दिली. साबण काळा पडताच ज्योत काढली आणि पत्रा थंड होऊ दिला. धातू ज्या तापमानाला नरम होतो, साधारण त्याच सुमारास साबण काळवंडतो. तोच त्यांचा तापमापक. मग दोन लाकडी ठोकळ्यांमध्ये धरून लाकडी हातोड्याने ठोकत ठोकत पत्रा वाकवला. तो तडकला नाही. पैसे विचारले, तर आजोबा म्हणाले, “पेटी वाजेल तेव्हा ऐकवायला ये.” तो गेला आणि त्याने ऐकवले. आजोबांना ते संगीत मुळीच आवडले नाही, हेही त्याने प्रांजळपणे सांगितले.

मित्रमैत्रिणींनो, इथवरची गोष्ट ऐकून तुम्हांला वाटेल, की बाई एका यशस्वी माजी विद्यार्थ्याचे कौतुक करीत आहेत. कौतुक आहेच. परंतु आज मला एक कबुलीही द्यायची आहे.

सत्तावीस वर्षांपूर्वी हा मुलगा नववीत होता आणि मी त्याची वर्गशिक्षिका होते. त्या वर्षी २६ जानेवारीच्या सकाळी ध्वजारोहणाच्या वेळी शाळेचा ध्वनिवर्धक मुका झाला. पाहुणे बोलत होते आणि तिसऱ्या रांगेपलीकडे काही ऐकू जात नव्हते. चौकशीत समजले, की दोन दिवसांपूर्वी शाळा सुटल्यावर याने तो उघडला होता. मी त्याला सर्वांदेखत उभे केले, वडिलांना बोलावले आणि प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला : ‘अभ्यासात लक्ष नाही. हात स्वस्थ नाहीत.’

त्याने तो ध्वनिवर्धक का उघडला होता, हे मी विचारले नाही. ते मला तंजावरच्या पडवीत समजले. आपल्या त्या जुन्या ध्वनिवर्धकातून प्रार्थनेच्या वेळी सतत गुणगुण येत असे, हे ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. त्याने आत पाहिले, तेव्हा अर्थिंगची तार चासीला जिथे जोडलेली होती, तो बोल्ट सैल झालेला दिसला. ॲल्युमिनियमवर हवेने क्षणात एक अदृश्य थर चढतो. तो थर वीज जाऊ देत नाही आणि साध्या डागालाही दाद देत नाही. म्हणून तिथे जागा खरवडून, दातेरी वायसर घालून बोल्ट घट्ट आवळावा लागतो. हे पुढे तो शिकला. तेव्हा केवळ अंदाजाने त्याने बोल्ट काढला आणि जागा घासली. इतक्यात शिपाईमामा खोली बंद करायला आले. तार सुटी राहिली. दुसऱ्या दिवशी भीतीपोटी तो काही बोलला नाही. म्हणजे रोगाचे निदान त्याने अचूक केले होते. उपचार तेवढे अर्धवट राहिले होते. त्याच्या वर्गशिक्षिकेने एकच प्रश्न विचारला असता, तर ते दहा मिनिटांत पूर्ण झाले असते.

मी त्याला म्हणाले, “तो शेरा माझ्याकडून चुकीचा लिहिला गेला.” तो हसला आणि म्हणाला, “नाही बाई, दोन्ही वाक्ये खरी होती. अभ्यासात लक्ष नव्हतेच. आणि हात तर अजूनही स्वस्थ नाहीत.” त्याने हे मोठ्या मनाने म्हटले. परंतु त्याच्यासारखी जी मुले तंजावरपर्यंत पोहोचली नाहीत, त्यांच्या प्रगतिपुस्तकांत मी काय लिहिले असेल, हा विचार परतीच्या प्रवासात माझी पाठ सोडत नव्हता.

कबुलीचा दुसरा भाग तर शाळेच्या दफ्तरीच नोंदलेला आहे. मैदानाच्या टोकाला आपली कार्यानुभवाची कार्यशाळा होती. सुतारकाम, पत्र्याचे काम, विजेची लहानसहान दुरुस्ती तिथे शिकवली जाई. अकरा वर्षांपूर्वी पटसंख्या घटू लागली. पालकांना सेमी-इंग्रजीचे वर्ग हवे होते, संगणक हवे होते, खोल्या अपुऱ्या होत्या. कार्यशाळा बंद करून त्या जागेचा अन्य उपयोग करावा, असा प्रस्ताव संस्थेपुढे गेला. त्या प्रस्तावाखाली माझी सही आहे. त्या वेळच्या अडचणी खऱ्या होत्या आणि वर्ग टिकवणे हे माझे कर्तव्यच होते. परंतु ती खोली आज मोडक्या बाकांचे कोठार झाली आहे. जे मिळवण्यासाठी ती बंद केली, ते तिच्यात कधी आलेच नाही.

तंजावरहून परतल्यावर मी त्या खोलीचे कुलूप उघडून घेतले. बाकांच्या ढिगाऱ्यामागे भिंतीलगतचे लाकडी टेबल अजून भक्कम आहे. त्यावरचा लोखंडी शेगडा गंजला आहे, पण फिरतो. कानशी, करवती, दोन हातोडे, एक हातड्रिल मिळाले. साठ वर्षांच्या शाळेत हेही एक दफ्तरच आहे. केवळ ते कागदावर लिहिलेले नाही.

म्हणून आज या व्यासपीठावरून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी नम्र विनंती आहे. येत्या जूनपासून ही खोली पुन्हा कार्यशाळा व्हावी. तसा लेखी प्रस्ताव मी काल सादर केला आहे. आपल्या माजी विद्यार्थ्याने दर वर्षी मे महिन्यात आठ दिवस येथे येऊन मुलांना शिकवण्याची तयारी दाखवली आहे. त्याची एक अट आहे आणि ती मला सर्वस्वी मान्य आहे : सुरुवातीला विजेचे काहीही शिकवायचे नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ टिकून राहतो. तेव्हा मुलांनो, घरी कोणताही ॲम्प्लिफायर उघडू नका, ही माझी सक्त ताकीद आहे. पहिली दोन वर्षे फक्त पेटी बनवायची : मोजायचे, आखायचे, भोकायचे, कानशीने घासायचे, वाकवायचे. जिला वीज कधीच शिवणार नाही, अशी रिकामी पेटी.

शाळा म्हणजे तरी दुसरे काय असते? मुलांमध्ये जो नाद आहे, तो आपण निर्माण करीत नाही. आपण त्याच्यासाठी एक बैठक तयार करतो. तिच्या कडा बोचू नयेत, तिने भार पेलावा, तिचा सांधा जमिनीशी पक्का असावा, एवढेच आपल्या हाती असते. पेटी कोणाला ऐकू येत नाही; परंतु तिच्यातला एक बोल्ट सैल राहिला, तर प्रार्थनेत गुणगुण येते.

जाता जाता या पेटीविषयी एक शेवटची गोष्ट. मी त्याच्याकडे शाळेसाठी भेट म्हणून त्याची सर्वोत्तम चासी मागितली होती. त्याने ही दिली. ही त्याची पहिलीवहिली चासी आहे आणि ती चुकलेली आहे. दोन्ही बाजू ६० मिलिमीटर उंच, माथा २०० मिलिमीटर रुंद, म्हणून त्याने ३२० मिलिमीटरचा पत्रा कापला. बेरीज बरोबर होती. तरीही वाकवल्यानंतर तयार पेटीच्या बाहेरच्या मापांची बेरीज सुमारे ७ मिलिमीटर जास्त भरली आणि ती लाकडी खोक्यात बसेना. “बाई, ही कार्यशाळेत ठेवा,” तो म्हणाला. “नीट जमलेल्या पेटीकडे पाहून मुले काय शिकणार?”

तेव्हा नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनो, पत्रा वाढत नाही, बेरीजही चुकली नाही, मग हे सात मिलिमीटर आले कोठून? कोपऱ्यातून वळताना पत्रा नेमका काय करतो, याचा विचार करा. मोजपट्टी पेटीजवळ ठेवली आहे. कार्यक्रम संपल्यावर टेबलाभोवती या, पेटी हातात घ्या, मोजा. उत्तर सापडले नाही तरी मी कोणाच्याही प्रगतिपुस्तकात काही लिहिणार नाही. सापडले, तर मात्र मला येऊन सांगा. या वेळी मी विचारणार आहे.